पहिल्या पंधरा मिनिटांचा कायदा

अ‍ॅलर्जीच्या झटक्याने माणूस किती वेळात दगावतो, याचा हिशेब मँचेस्टरचे डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनी २००० साली मांडला. ब्रिटनमध्ये अ‍ॅनाफिलॅक्सिसने, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या सर्वांत तीव्र झटक्याने, गेलेल्या माणसांच्या नोंदी त्यांनी एकेक करून तपासल्या. श्वास किंवा हृदय बंद पडायला लागलेला मध्यक काळ त्यांना असा आढळला: अन्नातून झटका आला तर ३० मिनिटे, गांधीलमाशी किंवा मधमाशी चावून आला तर १५ मिनिटे आणि उपचारासाठी दिलेल्या औषधातूनच आला तर ५ मिनिटे. मध्यक काळ म्हणजे त्या मृतांपैकी निम्म्यांना तेवढाही वेळ मिळाला नाही.

हे पुस्तक या मिनिटांविषयी आहे. या मिनिटांत रुग्णाजवळ कोण असतो, त्याच्या हाताशी औषध असते का, आणि असलेच तर ते द्यायची मुभा कायदा त्याला देतो का, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधत लेखिका ऑन्टॅरिओतल्या शाळेपासून आपल्याकडच्या लसीकरण सत्रापर्यंत पोचली आहे. अ‍ॅलर्जीवर मराठीत आहारसल्ला भरपूर आहे. या झटक्यासंबंधीचे कायदे आणि रुग्णवाहिकेची कार्यपद्धती यांवर सलग लिहिलेले माझ्या पाहण्यात नव्हते, म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

आधी आजाराविषयी थोडे. अंगावर गांधी उठल्या की आपल्या घरात 'पित्त उठलंय' म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावतात. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. पण गांधींबरोबर आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटला, छातीत घरघर सुरू झाली, पोटात कळ येऊन उलटी झाली किंवा माणूस पांढराफटक पडून 'मला काहीतरी होतंय' म्हणू लागला, तर ते पित्त नव्हे. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो आहे आणि श्वासनलिका सुजते आहे, हे ओळखायचे. काही रुग्णांच्या अंगावर गांधी उठतच नाहीत आणि तिथेच भलेभले फसतात. हा झटका वैद्यकाला ओळखीचा झाला तो मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर सुरू झालेल्या संशोधनातून. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघे १९०१ मध्ये सागरी प्राण्यांच्या विषावर काम करू लागले. आधी विष पचवलेल्या कुत्र्याला तीनेक आठवड्यांनी त्याचीच थोडी मात्रा पुन्हा दिली, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले. त्याच १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत अ‍ॅड्रेनलीन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. रोगाची ओळख आणि त्यावरचे औषध, दोन्ही एकाच दशकात हाती आली.

औषध आजही तेच आहे. मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, स्नायूत अ‍ॅड्रेनलीन टोचायचे. वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिकेची सूज उतरवते, हृदयाला बळ देते. रुग्णाला आडवे ठेवायचे, पाय उंच करायचे आणि बरे वाटते आहे म्हणून एकदम उठवून बसवायचे नाही, कारण उठून बसताक्षणी हृदय थांबल्याची उदाहरणेही पम्फ्री यांनीच नोंदवून ठेवली आहेत. श्वास घेणे फारच जड जात असेल तर रुग्णाला टेकून बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत अजून पहिला हात अ‍ॅव्हिलकडे जातो, दुसरा डेक्सा किंवा हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडकडे. अ‍ॅव्हिलने खाज थांबते, घसा मोकळा होत नाही. स्टेरॉइडचा गुण यायला काही तास लागतात. अ‍ॅड्रेनलीनची अँप्यूल त्याच ट्रेमध्ये असते, काही थोड्या रुपयांची, आणि 'हृदयावर ताण येईल' या धास्तीने ती शेवटी फोडली जाते. लेखिकेने या धास्तीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. हाताखाली नवे डॉक्टर असणाऱ्यांनी ते त्यांना वाचायला द्यावे.

औषध शंभर वर्षांहून जुने, स्वस्त, आणि कसे द्यायचे ते एका दुपारी शिकवता येईल असे. मग माणसे का जातात? लेखिकेचे उत्तर मला पटते. जवळच्या माणसाला ते द्यायची परवानगी नसते, आणि ज्याला परवानगी असते तो जवळ नसतो.

अमेरिकेतला याचा दाखला विलक्षण आहे. तिथे रुग्णवाहिकेवर बहुतेक वेळा ईएमटी असतो, मूलभूत प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ. पॅरामेडिक त्याच्या वरचा. १९९४ मध्ये ईएमटींसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम ठरला त्यात अ‍ॅड्रेनलीन होते, पण एका अटीवर. रुग्णाकडे त्याच्याच नावाने डॉक्टरने लिहून दिलेले ऑटो-इंजेक्टर, म्हणजे ठरलेली मात्रा भरलेले टोचणीचे तयार उपकरण, असेल, तर ते वापरायला ईएमटीने मदत करायची. म्हणजे ज्याला आपल्याला अ‍ॅलर्जी आहे हे आधीपासून ठाऊक, ज्याने डॉक्टर गाठला, औषध विकत घेतले आणि बरोबर बाळगले, त्याच्यासाठी सोय. आयुष्यात पहिल्यांदा झटका आलेल्या माणसाजवळ भोंगा वाजवत गाडी यायची आणि गाडीतल्या माणसाला ते औषध द्यायची मुभा नसायची. वॉशिंग्टन राज्याने १९९९ मध्ये कायदा करून हे बदलले: प्रत्येक रुग्णवाहिका सेवेने अ‍ॅड्रेनलीन बाळगायचे आणि ईएमटीने ते द्यायचे. अ‍ॅलर्जीने गेलेल्या क्रिस्टिन कास्टनर या मुलीचे नाव त्या कायद्याला दिलेले आहे.

या क्षेत्रातल्या कायद्यांना मुलांची नावे असतात, हे वाचताना पुन्हा पुन्हा लक्षात येते आणि दर वेळी मन खिन्न होते. ऑन्टॅरिओचा 'सब्रिनाज लॉ' त्यांतला सर्वांत अभ्यासला गेलेला. सब्रिना शॅनन १३ वर्षांची होती. दुधाच्या पदार्थांची तिला अ‍ॅलर्जी होती आणि ती स्वतः सावध असायची. आपल्या अ‍ॅलर्जीवर तिने रेडिओसाठी कार्यक्रमही केला होता. सप्टेंबर २००३ च्या अखेरीस शाळेच्या उपाहारगृहात तिने बटाट्याचे फ्राइज घेतले. ते चालतील की नाही याची खात्री तिने आधीच करून घेतली होती. पण फ्राइज उचलायचा चिमटा त्याआधी चीज घातलेल्या पदार्थाला लागलेला होता. वर्गात तिला धाप लागू लागली. तिला दमाही होता, म्हणून हा दम्याचाच त्रास असेल असे आधी वाटले. इंजेक्टर तिच्या लॉकरमध्ये होता. तो आणायला माणूस धावला, पण तो येईपर्यंत उशीर झाला होता.

या कायद्याचे मोल त्याच्या बारकाव्यांत आहे. तो १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. प्रत्येक शाळा मंडळाने अ‍ॅनाफिलॅक्सिसचे धोरण ठरवावे, अशी तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येक मुलामागे स्वतंत्र आराखडा असावा आणि कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण मिळावे, एवढे त्यात आहेच. त्यापुढे, मुलाला झटका आला आहे असे मानायला सबळ कारण असेल तर आईवडिलांनी आधी लेखी संमती दिलेली नसली तरी शाळेतला कर्मचारी अ‍ॅड्रेनलीन देऊ शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या औषधासाठी त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही, असेही कलम त्यात आहे. शिक्षकाचा हात ज्या भीतीने आखडतो तिच्यावरच त्या कलमाने बोट ठेवले.

अमेरिकेतल्या शाळांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात ती पूर्ण आली आहे. जानेवारी २०१२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका शाळेत सात वर्षांची मुलगी शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीने गेली. शाळेत तिच्या नावाचा इंजेक्टर नव्हता. त्याच वर्षी व्हर्जिनियाने कोणाच्याही नावाचे नसलेले, शाळेच्या मालकीचे अ‍ॅड्रेनलीन ठेवणे बंधनकारक केले. नोव्हेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या सहीने संघराज्याचा कायदा आला, पण त्यात सक्ती नाही. असा साठा ठेवायला लावणाऱ्या राज्यांना दम्याच्या अनुदानात प्राधान्य मिळते, इतकेच. इलिनॉयने २०१६ मध्ये प्रशिक्षित पोलिसांनाही हे औषध बाळगायची मुभा दिली. तोही कायदा एका १३ वर्षांच्या मुलीच्या नावाचा आहे. बोलावल्यावर पहिला पोचतो तो बऱ्याचदा पोलीस, म्हणून त्याच्या खिशात औषध असावे, हा त्यामागचा साधा विचार.

मला स्वतःला सगळ्यांत आवडले ते ब्रिटनचे कलम. २०१२ च्या मानवी औषध नियमावलीत काही मोजक्या इंजेक्शनांची यादी आहे, आणि जीव वाचवण्यासाठी आणीबाणीत ती कोणीही देऊ शकतो असे तिथे सरळ लिहिले आहे. त्या यादीत अ‍ॅड्रेनलीन आहे. प्रशिक्षणाची, पदवीची, नात्याची अट नाही. पुढे १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना चिठ्ठीशिवाय ऑटो-इंजेक्टर विकत घेता येऊ लागले. गाजला तो २०२१ चा 'नताशाज लॉ', दुकानातच बांधून विकायला ठेवलेल्या खाद्यपदार्थावर सगळे घटक छापायला लावणारा, आणि तोही हवाच होता. नियमावलीतल्या त्या कलमाची बातमी कुठे झाली नाही. तसल्या एका ओळीसाठी आपल्या विधिमंडळात कोणी आग्रह धरला, तर ते मोठे काम होईल.

आता पैशांचा भाग, कारण कायदा आणि बाजार यांची गाठ इथे पडते. एपिपेन हे ऑटो-इंजेक्टर अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झाले. त्याचे मूळ तंत्र सैनिकांनी विषारी वायूच्या हल्ल्यात स्वतःला औषध टोचून घ्यावे म्हणून तयार झालेले. मोठ्यांच्या एपिपेनमधून अंगात जाते ते जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. मायलन कंपनीने २००७ मध्ये हा व्यवसाय घेतला तेव्हा दोन इंजेक्टरांच्या जोडीची किंमत १०० डॉलरच्या आसपास होती. २०१६ पर्यंत ती ६०० डॉलरवर गेली आणि कंपनीच्या प्रमुख हेदर ब्रेश यांना संसदेच्या समितीपुढे जाब द्यावा लागला. शाळांना आणि रुग्णवाहिकांना जी वस्तू ठेवायला लावली तिच्या किमतीला मात्र लगाम नव्हता. मुदत संपली की न वापरलेले इंजेक्टर फेकून नवे घ्यायचे. रुग्णवाहिकाही चालवणाऱ्या लहान गावांच्या अग्निशमन दलांचे कंबरडे त्यात मोडले.

यातून वाट काढली ती वॉशिंग्टन राज्यातल्याच किंग काउंटीने, म्हणजे सिअ‍ॅटल ज्या जिल्ह्यात येते त्याने. महागडा इंजेक्टर सोडून त्यांनी ईएमटींच्या हाती साधी कुपी, साधी सिरिंज आणि एक तपासणी-यादी दिली. उपक्रमाचे नाव 'चेक अँड इंजेक्ट', आधी तपासा मग टोचा. हे जमणार नाही, घाईत मात्रा चुकेल, अशी शंका होती. नीट शिकवल्यावर ते जमले, खर्च कितीतरी कमी झाला आणि मागोमाग न्यूयॉर्क राज्यानेही तो मार्ग धरला. ज्या देशात इंजेक्टर सहजी मिळत नाही आणि अँप्यूल मात्र जागोजाग आहे, त्या आपल्या देशासाठी संपूर्ण पुस्तकातले हे सर्वांत कामाचे उदाहरण आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नाकात फवारायच्या अ‍ॅड्रेनलीनला अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हा आणखी एक अडचण उघडी पडली. अनेक राज्यांच्या कायद्यांत 'ऑटो-इंजेक्टर' असे उपकरणाचे नाव लिहिलेले, त्यामुळे फवारा त्यात बसेना आणि दुरुस्त्या कराव्या लागल्या. कलम लिहिताना औषधाचे नाव घालावे, यंत्राचे नाही.

आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या: २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत. प्रत्येक गाडीवर डॉक्टर, हे या सेवेचे वैशिष्ट्य, त्यामुळे अमेरिकेतला परवानगीचा पेच इथे तसाच्या तसा नाही. इथला पेच अंतराचा आहे. शहरात २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचायचे, असे सेवेचे उद्दिष्ट. गाडी ठरल्या वेळेत आली असे धरले, तरी दंशाची १५ मिनिटे तेव्हा उलटून गेलेली असतात. आग्या मोहोळ उठल्याच्या बातम्या गडकिल्ल्यांवरून दर मोसमात येतात. शेकडो माश्या चावल्या तर विषाचाच मारा होतो, तो प्रकार वेगळा. पण अ‍ॅलर्जी असलेल्याला एक माशी पुरते, आणि गडाच्या माचीवर तर १०८ येऊच शकत नाही. पायथ्याच्या गावातली आशाताई, गडावर मुलांना घेऊन गेलेले शिक्षक, वनखात्याचा रखवालदार, यांच्यापैकी कोणाकडेही औषध नाही आणि असते तरी द्यायचा अधिकार नाही.

आपले कायदे या जागेच्या आसपास घुटमळतात, नेमके तिथे पोचत नाहीत. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या खटल्यात वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले १३४-अ कलम मदतकर्त्याला संरक्षण देते, पण रस्ते अपघातापुरते. भारतीय न्याय संहितेचे ३० वे कलम, म्हणजे जुन्या दंड संहितेचे ९२ वे, संमती घेणे शक्य नसताना सद्भावनेने दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या कृत्याला गुन्हा मानत नाही. वकिलाला यातून बचाव उभा करता येईल. शिक्षिकेला मात्र समोर निळे पडत चाललेले मूल असताना कलमांची सांगड घालत बसता येत नाही. तिला 'तू हे करू शकतेस, असे कर' एवढे लिहिलेले हवे.

आणि असे लिहिलेले आपल्याकडे एका ठिकाणी आहे. लसीकरणानंतर होणाऱ्या त्रासासंबंधीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या आपल्या नर्सबाईंना, अ‍ॅनाफिलॅक्सिसचा संशय येताच अ‍ॅड्रेनलीनचा एक डोस स्नायूत देऊन मग रुग्णाला पुढे पाठवायची मुभा दिली आहे. त्यासाठीचा संच बघण्यासारखा आहे. एक मिलिलिटरच्या अ‍ॅड्रेनलीनच्या तीन अँप्यूल, ट्युबरक्युलिन सिरिंज किंवा ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज, एक इंची सुया, कापसाचे बोळे, वैद्यकीय अधिकारी आणि रुग्णवाहिका यांचे फोन नंबर, अँप्यूलची मुदत नोंदवायची जागा, आणि वयानुसार मात्रेचा तक्ता. वर्षाच्या आतल्या बाळाला ०.०५ मिलिलिटर, म्हणजे इन्सुलिन सिरिंजवरचे २ युनिट. सहा वर्षांपर्यंत ४ युनिट, बारापर्यंत ८, अठरापर्यंत १२, मोठ्यांना २०. नर्सबाईंना गुणाकार करावा लागत नाही, वजनकाटा शोधावा लागत नाही. वय विचारायचे, रेघेपर्यंत औषध ओढायचे, मांडीत टोचायचे. किंग काउंटीने लाखो डॉलरच्या कोंडीतून जे शोधले, त्याच जातीचा तोडगा आपल्या उपकेंद्राच्या पिशवीत आहे.

मग तो लसीकरणाच्या सत्रापुरताच का? त्याच बाईंसमोर त्याच ओट्यावर गांधीलमाशी चावलेला शेतकरी येऊन पडला, तर त्याच्यासाठी तसे पत्रक नाही. सर्पदंशाच्या उपचारातही प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष देताना रिअ‍ॅक्शन आली की ते तात्पुरते थांबवून अ‍ॅड्रेनलीन द्यायचे, हे ठरलेले आहे आणि ग्रामीण डॉक्टरांच्या हातात ते बसलेले आहे. माणसे आहेत, औषध आहे, तक्ता आहे. प्रसंगाची चौकट तेवढी मोठी करायची आहे.

अन्नाच्या बाजूने आपली तयारी त्याहून अपुरी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी वेष्टनावर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्ये अशा घटकांची सूचना छापायला लावली, पण त्या यादीत तीळ नाहीत, मोहरी नाही. ज्या घरात संक्रांतीला तिळगूळ आणि रोजच्या फोडणीत मोहरी, तिथे हे खटकते. उसळीत, कोशिंबिरीत, खिचडीत दाण्याचे कूट घालताना पाहुण्याला विचारायची आपली रीत नाही. न्यू जर्सी किंवा टोरांटोत मुले वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांना ती लागली आहे, कारण तिथल्या शाळेने पहिल्याच दिवशी फॉर्म भरून घेतला. सुट्टीत नातवंडे इकडे आली की आजी-आजोबांना इंजेक्टर कसा धरायचा ते स्वयंपाकघरात उभे राहून शिकवले जाते. असा एक प्रसंग पुस्तकात फार जिव्हाळ्याने आला आहे.

शेवटच्या प्रकरणात लेखिकेने महाराष्ट्रासाठी एका छोट्या कायद्याचा मसुदा जोडला आहे. त्यातल्या बहुतेक कलमांशी मी सहमत आहे: शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे, उपकेंद्रे आणि पर्यटकांची गर्दी असलेल्या गडांचे पायथे इथे मुदतीतला साठा, एएनएमचा तक्ता तसाच्या तसा, मात्रा मिलिग्रॅम आणि युनिट दोन्हींत, प्रशिक्षण दरवर्षी, सद्भावनेने दिलेल्या डोससाठी पूर्ण संरक्षण, आणि डोस दिल्यावर रुग्णाला घरी न पाठवता रुग्णालयात न्यायची सक्ती, कारण काही तासांनी झटका उलटू शकतो. एका कलमाशी मात्र माझा वाद आहे. साठा न ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाला दंड आणि कैद, असे तिथे सुचवले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला खडूचे पैसेही वेळेवर मिळत नाहीत; साठा पुरवायची जबाबदारी आरोग्य खात्याची असावी आणि जाबही त्यालाच विचारावा. लेखिकेला मी हे कळवले. तिने कलम तसेच ठेवले आणि माझी हरकत इथे छापायचा आग्रह धरला. मुख्याध्यापक, नर्सबाई, १०८ वरचे डॉक्टर, गडांवर वाट दाखवणारी मंडळी, यांनी तो मसुदा हातात पेन घेऊन वाचावा आणि जिथे तो त्यांच्या रोजच्या कामात अडेल तिथे खुणा करून पाठवाव्यात. पुढची आवृत्ती त्या खुणा घेऊन काढायची, असे आमचे ठरले आहे.